नशीब आजमावायला आफ्रिकेत गेलेले ग्रीक भाऊ : त्यांचा माग कसा काढायचा

समजा तुमच्या हाती एक जुना फोटो लागला, पत्र्याच्या छपराचं दुकान, दारात दोन-तीन तरुण, पाटीवर ग्रीक आडनाव आणि त्यापुढं 'ब्रदर्स'. किंवा प्रबंधासाठी, कादंबरीसाठी, नाहीतर नुसत्या कुतूहलापोटी तुम्हाला शोधायचंय की १८६० ते १९६० च्या काळात इजिप्त, सुदान, कांगो, टांगानिका (आजचा टांझानिया), ऱ्होडेशियात (आजचे झिंबाब्वे, झांबिया) गेलेली ही मंडळी कोण होती, कुठून आली आणि त्यांचं पुढं काय झालं. बहुतेक जण काय करतात, आडनाव सर्चमध्ये टाकतात, दोन-चार अतिश्रीमंतांची नावं येतात, ती वाचतात आणि थांबतात. सामान्य माणसं अशी सापडत नाहीत. सापडतात, पण पद्धत वेगळी लागते, तीच इथं सांगते.

सगळ्यात महत्त्वाचं आधी. एका माणसाला शोधू नका, भावांना एकत्र शोधा. कारण कागद तसेच तयार झालेत. मोठा आधी जायचा, बहुतेक वेळा कुणा मामाच्या किंवा गाववाल्याच्या दुकानात नोकर म्हणून, जरा बस्तान बसलं की धाकट्याला तिकीट पाठवायचा, मग एक जण बंदरावर माल उतरवून घ्यायला, एक आतल्या भागातल्या दुकानात, आणि एखादा गावीच आईवडलांकडे. त्यामुळं एकाचं नाव सरकारी गॅझेटमध्ये, दुसऱ्याचं चर्चच्या रजिस्टरात, तिसऱ्याचं गावच्या नोटरीकडे असं विखुरलेलं असतं आणि तिघांचं जोडलं तरच काहीतरी उभं राहतं. मेत्सोवो गावचा जॉर्जिओस आवेरोफ कैरोला गेला तो आधीच तिथं असलेल्या भावाच्या दुकानात. पुढं अलेक्झांड्रियात तो इतका मोठा व्यापारी झाला की १८९६ च्या ऑलिंपिकसाठी अथेन्सच्या संगमरवरी स्टेडियमचा खर्च त्यानं उचलला, आणि त्याच्या मृत्युपत्रातल्या पैशांच्या मदतीनं घेतलेली युद्धनौका आजही त्याचंच नाव लावून म्युझियम म्हणून उभी आहे. त्याला वाट करून देणाऱ्या भावाचं नाव मात्र फारसं कुणी घेत नाही. तुम्ही शोधताय त्या कुटुंबातही असा एक भाऊ असणारच, त्याच्यापासून सुरुवात करा.

पहिलं काम, गाव ठरवायचं. 'ग्रीसहून आले' एवढ्यावर काही होत नाही, कारण हे लोक देशातून नाही, गावातून गावाकडं जायचे. केफालोनिया बेटाची माणसं सुदानला, कासोस बेटाची सुएझ कालव्याच्या कामावर आणि मग पोर्ट सैदला, लिम्नोसची इजिप्तला, इथाकाची दक्षिण आफ्रिकेला, अशा वाटाच पडलेल्या होत्या. आडनावाच्या शेवटावरून अंदाज येतो, 'आकिस' असेल तर बहुतेक क्रीट, 'आतोस' असेल तर केफालोनिया, 'पुलोस' असेल तर पेलोपोनिसोस, 'एलिस' असेल तर लेस्बोसकडं बघा, 'इदिस' असेल तर काळ्या समुद्राकाठचा पॉन्टस किंवा आशिया मायनर, म्हणजे आजचं तुर्कस्तान. हा फक्त अंदाज आहे हं, पुरावा नाही. पुरावा मिळतो कबरीच्या दगडावर, आफ्रिकेतल्या ग्रीक कबरींवर जन्मगाव कोरलेलं बऱ्याचदा सापडतं, म्हणून दफनभूमीचे फोटो कुणी ऑनलाइन टाकलेत का ते आधी बघा.

गाव कळलं की ग्रीसच्या राज्य अभिलेखागाराच्या त्या जिल्ह्याच्या शाखेत 'पुरुष नोंदवही' मागायची. सैन्यभरतीसाठी प्रत्येक मुलाचं नाव, बापाचं नाव आणि जन्मवर्ष यात लिहायचे, त्यामुळं एका बापाचे सगळे मुलगे वर्षावार सापडतात. तुमची भावांची यादी इथंच तयार होते, आणि फोटोत दोघेच असले तरी खरं तर चौघे होते हेही इथंच कळतं.

आता नागरिकत्व, आणि इथंच बहुतेकांचा शोध अडतो, म्हणून जरा सविस्तर सांगते. आजचा ग्रीसचा नकाशा डोक्यातून काढून टाका. केफालोनिया, इथाका ही आयोनियन बेटं १८६४ पर्यंत ब्रिटिश संरक्षणाखाली होती, म्हणजे १८५० मध्ये अलेक्झांड्रियात उतरलेला केफालोनियाचा माणूस ब्रिटिश कॉन्सुलच्या दप्तरात सापडेल, ग्रीक कॉन्सुलकडं नाही. लेस्बोस, लिम्नोस १९१२ पर्यंत ऑटोमन. क्रीट १९१३ ला ग्रीसमध्ये आलं. रोड्स, कासोस, कार्पाथोस ही दोदेकानिस बेटं १९१२ ला इटलीनं घेतली आणि ग्रीसला मिळाली थेट दुसऱ्या महायुद्धानंतर, त्यामुळं १९३० साली कांगोत उतरलेल्या रोड्सच्या ग्रीक माणसाकडं इटालियन कागद. सायप्रस १८७८ पासून ब्रिटिशांच्या हातात आणि १९२५ पासून अधिकृत वसाहत, म्हणून तिथला ग्रीक माणूस नायजेरियात किंवा गोल्ड कोस्टमध्ये (आजचा घाना) ब्रिटिश प्रजाजन म्हणून उतरायचा, परवान्याची कटकट कमी. एकाच कुटुंबातला एक भाऊ १९११ ला निघाला आणि दुसरा १९१३ ला, तर दोघांचं राष्ट्रीयत्व दोन रजिस्टरात दोन प्रकारचं लिहिलेलं असू शकतं आणि दोन्ही बरोबर! म्हणून एक कागद करा, डावीकडं गाव, मध्ये निघाल्याचं साल, उजवीकडं त्या साली तिथं राज्य कुणाचं, आणि त्या राज्याच्या दप्तरातही शोधा.

निघाल्याच्या सालावरून कारणही कळतं. १८६१ ते १८६५ ला अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं, तिथला कापूस युरोपला मिळेना, इजिप्तच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि तेव्हा ग्रीक व्यापाऱ्यांची मोठी लाट इजिप्तला गेली. १९२२ ला आशिया मायनरमधून लाखो ग्रीक निर्वासित झाले. आणि १९२४ ला अमेरिकेनं कायदा करून ग्रीसचा कोटा वर्षाला फक्त १०० माणसांवर आणला, तोपर्यंत धाकटा भाऊ न्यूयॉर्कला जायचा, आता तो दरवाजा बंद, मग कांगो, टांगानिका, ऱ्होडेशिया. तुमची मंडळी १९२५ ते १९३० मध्ये निघालेली दिसली तर अमेरिकेच्या प्रवासी याद्यांमध्ये मोठा भाऊ किंवा काका आहे का तेही तपासा.

नावांचं एक वेगळंच प्रकरण आहे. पहिल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव, दुसऱ्याला बहुतेक आईच्या बापाचं, ही पद्धत घट्ट होती, म्हणजे चार भावांच्या चारही थोरल्या मुलांचं नाव एकच. एका शहरात त्याच नावाचे तीन चुलतभाऊ, आणि तिघेही व्यापारी. अशा वेळी वेगळेपणा बापाच्या नावावरून कळतो, जे मधलं अक्षर म्हणून लिहिलेलं असतं, ते अक्षर कधीच सोडू नका. शिवाय आडनावाचं स्पेलिंग त्या-त्या वसाहतीच्या भाषेप्रमाणं बदलतं. इजिप्त आणि कांगोत फ्रेंच वळण, 'क' साठी 'सी', 'उ' साठी 'ओयू', ऱ्होडेशियात इंग्रजी, मोझांबिकमध्ये पोर्तुगीज, १९१४ च्या आधीच्या टांगानिकात जर्मन. सर्च करण्याआधी आडनावाची शक्य तेवढी स्पेलिंगं लिहून काढा आणि प्रत्येक टाकून बघा, कंटाळवाणं आहे पण याला पर्याय नाही.

तारखांचंही तसंच. ग्रीसमध्ये सरकारी कामाला जुनं ज्युलियन कॅलेंडर १९२३ च्या फेब्रुवारीपर्यंत चालू होतं. विसाव्या शतकात दोन कॅलेंडरांत १३ दिवसांचा फरक, एकोणिसाव्यात १२. गावच्या नोंदीत बाप्तिस्मा २५ मार्च आणि कॉन्सुलच्या नोंदीत ७ एप्रिल दिसला तर ती दोन मुलं नाहीत, एकच आहे. अलेक्झांड्रियाच्या धर्मपीठानं तर नवं कॅलेंडर आणखी उशिरा, १९२८ ला घेतलं, आणि आफ्रिकेतली सगळी ग्रीक चर्चेस याच धर्मपीठाखाली येतात, म्हणून चर्चच्या नोंदींची तारीख घेताना हे लक्षात ठेवाच.

आता कुठं शोधायचं ते देशाप्रमाणं. इजिप्तवर सगळ्यात जास्त सामान आहे. अलेक्झांड्रियातली ग्रीक कम्युनिटी १८४३ ला स्थापन झाली, शाळा, हॉस्पिटल, दफनभूमी सगळं त्यांचं स्वतःचं. १९२७ च्या जनगणनेत इजिप्तमध्ये ७६ हजारांच्या वर ग्रीक नागरिक होते. परदेशी लोकांवर तिथल्या स्थानिक कोर्टात खटला चालायचा नाही, व्यापारातली भांडणं १८७६ पासून १९४९ पर्यंत 'मिश्र न्यायालयां'मध्ये जायची, आणि भावाभावांची भागीदारी फुटली, दिवाळं निघालं, गहाण सुटलं नाही की त्याची नोंद तिथं फ्रेंचमध्ये व्हायची. यशाचे कागद कुटुंबं जपून ठेवतात, अपयशाचे कोर्ट जपून ठेवतं, म्हणून मी तर म्हणेन इजिप्तवाल्यांनी कोर्टापासूनच सुरू करावं. अथेन्सला 'एलिया' नावाचं साहित्य-इतिहासाचं अभिलेखागार आहे, तिथं इजिप्तमधल्या ग्रीकांची पत्रं, हिशेबवह्या, फोटो आहेत. कवी कवाफीचं घराणं नमुना म्हणून अभ्यासा, वडील आणि काका मिळून अलेक्झांड्रिया ते लिव्हरपूल व्यापार करायचे, १८७० ला वडील गेले, काही वर्षांत पेढी बुडाली, आणि मुलानं १९२२ पर्यंत पाटबंधारे खात्यात कारकुनी केली. एका पिढीत वर, दुसऱ्या पिढीत खाली, हे अपवाद म्हणून नाही, नेहमीचं म्हणून धरा. सिगारेटवाले असतील तर सोपं, किरियाझी फ्रेरसारख्या कैरोच्या कंपन्यांचे डबे, लेबलं, जाहिराती भरपूर मिळतात आणि त्यावर पत्ते असतात.

सुदानसाठी इंग्लंडमधल्या डरहॅम विद्यापीठाचं सुदान अर्काइव्ह बघा. १८९६ ते १८९८ ला सेनापती किचनरची ब्रिटिश-इजिप्शियन फौज दक्षिणेकडं सरकत होती तेव्हा मागोमाग ग्रीक दुकानदार डबाबंद खाणं, दारू, तंबाखू घेऊन चालले होते. केफालोनियाचा अँजेलो कापातो फौजेला माल पुरवून श्रीमंत झाला, नंतर दिवाळ्यात गेला, आणि त्याचाच नातलग कोंतोमिखालोस पुढं खार्तूमचा बडा व्यापारी झाला. एकाच घराण्यात दोन्ही गोष्टी.

टांगानिकात सुरुवात रेल्वेची. जर्मनांच्या काळात टांगाहून आत जाणारी आणि दार एस सलामहून किगोमाला जाणारी लाइन टाकताना छोटे ठेके ग्रीकांनी घेतले, मग तिथंच जमीन घेऊन बसले. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनांचे मळे 'शत्रूची मालमत्ता' म्हणून ब्रिटिशांनी विकले, ते घेणाऱ्यांत ग्रीक होते आणि आपले भारतीय व्यापारीही होते, त्यामुळं त्या विक्रीच्या कागदांत शेजारी-शेजारी गुजराती आणि ग्रीक नावं दिसतील. टांगाकडं सायसल (दोरासाठीचं घायपात), मोशी-अरुशाकडं कॉफी, इरिंगाकडं तंबाखू. इथं गॅझेट हा तुमचा मुख्य आधार, जमिनीचे पट्टे, परवाने, नागरिकत्वाचे अर्ज, मयताच्या मालमत्तेच्या नोटिसा सगळं त्यात छापून यायचं. शेजारच्या केनियाचं गॅझेट तर गूगल बुक्सवर वाचायला मिळतं.

बेल्जियन कांगोत दक्षिणेचा कटांगा प्रांत बघा. रेल्वे दक्षिणेकडून एलिझाबेथविलला १९१० ला पोचली, तांब्याच्या खाणीत हजारो मजूर, त्यांना खायला काय? लुआपुला नदीवरच्या कासेंगा गावातून ग्रीकांनी मासळीचा धंदा उभा केला, बोटी, बर्फ, ट्रक, आणि मासे थेट खाणीच्या वस्तीला. म्हणून कटांगातल्या ग्रीक भावांना फक्त दुकानदार म्हणून शोधू नका, मासेवाले, ट्रकवाले म्हणूनही शोधा. कंपनी नोंदली असेल तर वसाहतीच्या सरकारी बुलेटिनमध्ये तिची घटना छापलेली असते, कुणाचा हिस्सा किती, कोण कुठं राहतो सकट.

दक्षिण आफ्रिका आणि ऱ्होडेशियातली सोय मला सगळ्यात आवडते, तिथं माणूस वारला की 'डेथ नोटीस' नावाचा फॉर्म भरायचे, त्यात जन्मगाव, आईवडलांची नावं, बायको, मुलं, मालमत्ता सगळं. झिंबाब्वेचे असे बरेच फॉर्म फॅमिलीसर्च या वंशावळीच्या वेबसाइटवर फुकट बघता येतात. पश्चिम आफ्रिकेत संख्या कमी पण पेढ्या मोठ्या, जॉर्ज झोकोनिसनं भागीदार पॅटरसनबरोबर १८७९ ला सिएरा लिओनमध्ये व्यापार सुरू केला, सायप्रसच्या लेवेंतिसनं १९३७ च्या सुमाराला गोल्ड कोस्टमध्ये स्वतःची कंपनी काढली आणि मग नायजेरियात पसरला. अशांच्या कंपनीचे कागद बघताना मालकापेक्षा पगारी माणसांची यादी वाचा, गावाकडून आणलेले पुतणे-भाचे तिथं असतात.

प्रवासाच्या याद्यांबद्दल एकच सांगते. ब्रिटनमधून सुटणाऱ्या जहाजांच्या याद्या ऑनलाइन आहेत म्हणून सगळे तिथंच शोधतात, पण ग्रीक माणूस पिरेअसहून अलेक्झांड्रिया किंवा पोर्ट सैदला, तिथून सुएझमार्गे मोंबासा, टांगा, बैराला जायचा, आणि कांगोत जाणारे काही जण अँटवर्पहून मतादीला. लंडनला पाय न लावताच.

पैशाचा माग, हा भाग मनापासून करा. पत्रात 'दोनशे पाठवले' असं असतं, दोनशे काय? पूर्व आफ्रिकेत १९२० पर्यंत रुपया होता, मग फ्लोरिन आणि लगेच शिलिंग. इजिप्तमध्ये एक ब्रिटिश पौंड म्हणजे साडेसत्त्याण्णव पियास्टर. आणि गावी पोचल्यावर द्राक्मा, ज्याचं १९२२ मध्ये सरकारनं अक्षरशः नोट मधून कापायला लावून अर्धं केलं, एक अर्धा भाग निम्म्या किमतीची नोट आणि दुसरा सक्तीचं कर्जरोखं. १९४४ ला तर ५० अब्ज जुन्या द्राक्मांना एक नवी. भावानं वीस वर्षं पाठवलेले पैसे कुठं गेले याचं उत्तर कधीकधी एवढंच असतं.

नाहीतर उत्तर बहिणींच्या हुंड्यात असतं. बहिणींची लग्नं होईपर्यंत भावांनी थांबायचं अशी रीत होती, आणि हुंड्यात घर, शेत, रोख द्यावं लागायचं. हुंड्याचा करार नोटरीसमोर व्हायचा, त्यात काय दिलं आणि किती, ते बारकाईनं लिहिलेलं, आणि भाऊ परदेशी असेल तर त्याचं मुखत्यारपत्र जोडलेलं, त्यावर आफ्रिकेतला पत्ता आणि कॉन्सुलचा शिक्का! म्हणून बहिणींची नावं काढा, त्यांच्या लग्नाची सालं काढा आणि त्या भागातल्या नोटरीची दप्तरं मागा. हुंडा कायद्यानं १९८३ ला बंद झाला, म्हणजे वसाहतकाळातल्या सगळ्या लग्नांना हे लागू आहे. लिम्नोसच्या मिरिनात समुद्रकाठी इजिप्तहून परतलेल्यांचे वाडे आजही उभे आहेत, तसं तुमच्या गावात काही आहे का, शाळेवर, चर्चच्या दारावर देणगीदाराची पाटी आहे का, तेही विचारा.

आता जे कागदात नसतं ते. ही सगळी कमाई आफ्रिकन माणसांच्या जमिनीवर, त्यांच्या मजुरीवर झाली. ग्रीक हे इंग्रज-बेल्जियनांच्या नजरेत कमी दर्जाचे गोरे होते, क्लबात त्यांना बसू द्यायचे नाहीत, पण कायद्यानं ते गोऱ्यांच्याच बाजूला होते आणि त्याचा फायदा त्यांना रोज मिळत होता. दोन्ही लिहायला हवं. दुकानातला कारकून, मुकादम, ट्रकचालक यांची नावं मजुरीच्या वह्यांत, कोर्टाच्या साक्षींत असतात, ती भावांच्या नावांइतक्याच काळजीनं उतरवून घ्या.

आणि मुलं. आतल्या भागात एकटे राहणाऱ्या बऱ्याच पुरुषांना आफ्रिकन बायकांपासून मुलं झाली, काहींनी नाव दिलं, बऱ्याच जणांनी नाही. बेल्जियन कांगोत तर सरकार अशी मिश्र वंशाची मुलं आईपासून तोडून मिशनमध्ये ठेवायचं, त्याबद्दल बेल्जियमच्या पंतप्रधानांनी २०१९ ला माफी मागितली आणि २०२४ ला ब्रसेल्सच्या अपील कोर्टानं तो मानवतेविरुद्धचा गुन्हा ठरवला. तुमच्या शोधात असं मूल सापडलं तर ते कुटुंबाच्या यादीत इतर मुलांच्या ओळीतच लिहा, तळटीपेत नको. पण ती व्यक्ती किंवा तिची मुलं हयात असतील तर त्यांना विचारल्याशिवाय काहीही जाहीर करू नका, आणि डीएनए चाचणीचा निकाल हाती असला तरी आधी त्यांचं ऐका.

म्हाताऱ्या माणसांशी बोलताना 'तुमच्या आजोबांनी कसं नशीब काढलं' असं विचारू नका, ठरलेली गोष्ट ऐकायला मिळेल. विचारा, दुकानात पहाटे पहिलं कोण यायचं, उधारी कुणाला द्यायचे, हिशेब कुठल्या भाषेत लिहायचे, कुठला काका परत आला नाही आणि त्याच्याबद्दल घरात का बोलत नव्हते. आणि फक्त अथेन्सला किंवा मेलबर्नला राहणाऱ्या नातवंडांना नको, त्या आफ्रिकन गावात दुकानासमोर राहणाऱ्या घरातही विचारा, तिथं भावांना वेगळ्याच नावानं ओळखत असतील आणि तेच नाव घेऊन पुढचं दार उघडतं.

शेवट कुठं धरायचा हेही आधी ठरवा. इजिप्तमध्ये १९५६ नंतर लोक निघू लागले आणि १९६१ च्या राष्ट्रीयीकरणानंतर बहुतेक गेले. टांझानियात १९६७ च्या अरुशा जाहीरनाम्यानंतर मळे सरकारकडं गेले. झाईरमध्ये, म्हणजे कांगोतच, राष्ट्राध्यक्ष मोबुतूनं ३० नोव्हेंबर १९७३ ला परदेशी धंदे देशी लोकांना द्यायची घोषणा केली. या तारखांच्या आसपास कागद एकदम वाढतात, नुकसानभरपाईचे अर्ज, मालमत्तेच्या याद्या, परत येणाऱ्यांच्या कॉन्सुलेटमधल्या नोंदी, आणि त्यात मागच्या चाळीस-पन्नास वर्षांचा सगळा पसारा एका जागी लिहिलेला असतो. म्हणून मागून पुढं शोधून काही मिळत नसेल तर उलटं करा, या शेवटच्या यादीपासून एक-एक मालमत्ता धरून मागं जा, ती कधी घेतली, कुणाकडून घेतली, कुठल्या भावाच्या नावावर.